मार्कंड्याहून मिरचीच्या मुलखापर्यंत : श्रम, स्थलांतर आणि उद्याचे काम यांविषयीच्या संशोधनाचा आढावा

वैनगंगा आपला दक्षिणेचा ओघ सोडून जेथे काही अंतर उत्तरेकडे वळते, त्या वळणावर, गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्याचे प्राचीन देवालय उभे आहे. नदीचा पलीकडचा काठ चंद्रपूर जिल्ह्याचा. परंतु २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्ह्याचे विभाजन होण्यापूर्वी हे दोन्ही काठ एकाच चंद्रपूर (जुन्या चांदा) जिल्ह्याच्या दफ्तरात नोंदलेले होते, आणि येथील कष्टकरी माणसाच्या वर्षाचे वेळापत्रक आजही दोन्ही काठांवर एकच आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते, त्या सुमारास धानाची मळणी आटोपलेली असते, रब्बीचे काम थोड्यांच्याच वाट्याला आलेले असते, मोहफूल गळायला अद्याप अवकाश असतो आणि तेंदूपत्त्याचा हंगाम तर भर उन्हाळ्यातला. वर्षाच्या याच पोकळीत, तीन-चारशे किलोमीटरांवर, खम्मम, वरंगळ आणि गुंटूरच्या मुलखात मिरची तोडणीला येते.

काही वर्षांपूर्वी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चामोर्शीच्या रस्त्याकडेला टेम्पोची वाट पाहत बसलेल्या एका टोळीपाशी मी थांबलो होतो. तांदळाची पिशवी, जर्मनचे दोन गंज, गुंडाळलेली ताडपत्री, एक कंदील आणि मांडीवर निजलेले मूल, असा दोन महिन्यांचा संसार एका बाईने आपल्यापुढे मांडून ठेवला होता. आदल्या वर्षी मजुरीपोटी मिळालेले मिरचीचे पोते घरी आणून ते किती रुपयांना विकले, हे तिने पैसा-पैशाच्या हिशेबाने सांगितले; आणि मग मी न विचारताच म्हणाली, "गावात काम रायलं असतं त गेलो नसतो बाबू."

श्रमबाजार, स्थलांतर आणि कामाचे भवितव्य या विषयांवर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जे प्रचंड आर्थिक वाङ्मय निर्माण झाले, त्याचा आढावा या एका वाक्यासमोर बसून घ्यावा, असा या लेखाचा संकल्प आहे. कारण ते वाक्य वरवर तक्रारीचे वाटले तरी त्यात एक सैद्धान्तिक विधान दडलेले आहे : जाण्याची किंमत ही गावात राहण्याच्या पर्यायावरून ठरते. हे विधान कसोटीला उतरते काय, हेच पाहावयाचे आहे.

सिद्धान्तांची परंपरा

स्थलांतराला नियम असतात, ही कल्पना प्रथम पद्धतशीरपणे मांडली ती जन्माने जर्मन आणि वास्तव्याने ब्रिटिश असलेल्या ई. जी. रॅव्हनस्टाइन यांनी, १८८५ मध्ये. जनगणनेच्या तक्त्यांवरून त्यांनी दाखवून दिले की बहुसंख्य माणसे फार दूर जात नाहीत, प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो आणि जवळच्या अंतराच्या हालचालीत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक असते. पुढे १९५४ साली आर्थर लुईस यांनी विकासाची जी उपपत्ती रचली, तीत निर्वाहाच्या क्षेत्रात अडकून पडलेले जवळजवळ अमर्याद श्रमबळ आधुनिक उद्योग एका स्थिर मजुरीवर ओढून घेत राहतात, आणि ते संपू लागले की मगच मजुरी चढू लागते. हॅरिस आणि तोडारो यांनी १९७० मध्ये पूर्व आफ्रिकेचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून त्यात दुरुस्ती केली : माणूस शहरातील मजुरीकडे पाहून निघत नाही, ती मजुरी मिळण्याच्या संभवाने गुणून येणाऱ्या अपेक्षित मिळकतीकडे पाहून निघतो, आणि म्हणून शहरात बेकारी दिसत असतानाही गावातून माणसे येतच राहतात.

या उपपत्त्या मुंबईच्या गिरणगावाला बऱ्याच अंशी लागू पडल्या. रत्नागिरी-साताऱ्याचा माणूस गिरणीत आला तो मुकादमाच्या ओळखीने, खोलीत दहाजणांबरोबर राहिला, आणि पेरणीला, सणाला, आजारपणाला गावी परतत राहिला. धनंजयराव गाडगीळ यांनी १९२४ च्या आपल्या भारतीय औद्योगिक परिवर्तनावरील ग्रंथात या अर्ध्या-मुर्ध्या कामगाराची दखल घेतली होती, आणि १९३१ च्या शाही श्रम आयोगाने तर गावाशी असलेले हे नाते तोडू नये, ते कामगाराचे बळच आहे, असा स्पष्ट अभिप्राय दिला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने गिरण्यांचे पर्व आटोपले, तेव्हा लक्षावधी कुटुंबांना पुन्हा त्या गावच्या घराचाच आसरा शोधावा लागला, हे त्या अभिप्रायाचे दुःखद प्रत्यंतर होय.

परंतु मार्कंड्याच्या रस्त्यावरील टोळी शहरात जात नाही. ती एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते, तेथील काम निश्चित असते, आणि ती परतते. लुईस किंवा तोडारो यांच्या चौकटीत ही माणसे बसत नाहीत. त्यांना प्रथम सिद्धान्तात स्थान मिळाले ते दोन वेगळ्या दिशांनी. एकीकडे ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की स्थलांतराचा निर्णय एकट्या व्यक्तीचा नसून कुटुंबाचा असतो, आणि कुटुंब आपली माणसे निरनिराळ्या ठिकाणी पाठवून जोखमीची वाटणी करते, जणू विमा उतरवते. दुसरीकडे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत पायी हिंडून असे दाखवून दिले की हंगामी मजुराचे हे फिरणे म्हणजे गावातून शहराकडे जाणारी पायरी नव्हे. ते एक न संपणारे परिभ्रमण आहे. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांवर ऊस तोडावयास आणलेल्या खानदेशातील मजुरांचे त्यांनी केलेले वर्णन प्रत्येक मराठी वाचकाने वाचावे असे आहे, कारण त्यात स्थानिक मजूर जवळच रिकामे असताना दूरचे मजूर का आणले जातात याचे उत्तर मिळते : उचल घेऊन आलेला, परमुलखातला, टोळीने राहणारा माणूस काम सोडून जाऊ शकत नाही आणि दराबद्दल भांडूही शकत नाही.

स्टार्क यांना कुटुंबाचे शहाणपण दिसले आणि ब्रेमन यांना मालकाची सत्ता दिसली. रस्त्याकडेच्या त्या बाईच्या बोलण्यात दोन्ही आहेत. मजुरी रोख न मिळता वाळलेल्या मिरचीच्या रूपाने मिळते, तेव्हा तिला घरखर्चाचा एक जिन्नस आणि विक्रीची एक संधी मिळते हे खरे. पण त्याच क्षणी बाजारभाव कोसळण्याची जोखीम शेतमालकाच्या खांद्यावरून उतरून तिच्या खांद्यावर येते, हेही तितकेच खरे.

मोजमापाचा प्रश्न

सिद्धान्तापेक्षाही अधिक गैरसोयीचा प्रश्न गणनेचा आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित आढळले, परंतु जनगणना माणसाचे पूर्वीचे वास्तव्य विचारते, आणि त्या संख्येत फार मोठा वाटा विवाहामुळे सासरी गेलेल्या स्त्रियांचा असतो. त्या गणनेचा मुख्य टप्पा ९ ते २८ फेब्रुवारी २०११ असा होता, म्हणजे नेमका मिरचीच्या हंगामात. आणि २०२७ च्या जनगणनेची मुख्य मोजणीही फेब्रुवारीतच योजली आहे. गडचिरोलीची १०,७२,९४२ आणि चंद्रपूरची २२,०४,३०७ ही लोकसंख्या वाचताना, ज्या घरांना त्या महिन्यात कुलूप असते त्या घरांचे स्मरण ठेवलेले बरे.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ च्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरितांची व्याख्या केली ती अशी की, जो वर्षभरात कामासाठी किमान एक महिना आणि कमाल सहा महिने बाहेर राहिला, तो या वर्गात मोडतो. मिरचीचे दोन महिने या व्याख्येत येतात. परंतु तेंदूपत्ता तोडावयास पंधरा दिवस दुसऱ्या तालुक्यात मुक्काम ठोकणारे कुटुंब तिच्या बाहेर राहते. पुढे केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने एक अभिनव मार्ग काढला : रेल्वेच्या अनारक्षित प्रवासाच्या आकड्यांवरून तिने असा अंदाज बांधला की २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी सुमारे ९० लाख माणसे कामासाठी राज्याराज्यांमधून हलत होती. पूर्वीच्या अंदाजांहून हा आकडा बराच मोठा होता, आणि त्याने विद्वानांची झोप मोडली हे चांगलेच झाले. तथापि गडचिरोली जिल्ह्याची रेल्वेशी ओळख दीर्घकाळ देसाईगंज म्हणजे वडसा या एकाच स्थानकापुरती मर्यादित होती. चामोर्शी, अहेरी, सिरोंचा येथील टोळ्या टेम्पो, जीप आणि बसने प्राणहिता ओलांडतात. ज्या पद्धतीने देशाच्या हालचालीचा खरा आवाका प्रथम उघड केला, त्याच पद्धतीच्या जाळीतून आपली माणसे निसटतात.

घरात राहणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचेही तसेच. सरकारी श्रमपाहणीत घरकामासोबत सरपण, चारा, रानभाजी गोळा करणाऱ्या स्त्रीला ९३ हा संकेतांक मिळतो, आणि हा संकेतांक मिळालेली व्यक्ती श्रमबळाच्या बाहेर धरली जाते. पहाटे रानात जाऊन दुपारी डोक्यावर मोळी घेऊन येणारी स्त्री काम करीत नाही, असा निष्कर्ष ज्या तक्त्यातून निघतो, त्या तक्त्यावरून रोजगाराचे धोरण आखणे म्हणजे पैमाईश न करता जमाबंदी करण्यासारखे आहे.

मोजणीतील ही त्रुटी केवळ पंडितांची अडचण नसते, हे मार्च-एप्रिल २०२० मध्ये कळून चुकले. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. चंद्रपूर-गडचिरोलीचे आणि शेजारच्या बस्तरचे हजारो मजूर तेलंगणात अडकले, आणि पुष्कळ टोळ्या जंगलवाटांनी, नदीपात्रांतून, लहान मुलांना खांद्यावर घेऊन पायी परतल्या. कोण कोठे आहे याची यादीच हाती नसल्यामुळे मदत पाठवावयाची कोणाकडे, हाच पहिला प्रश्न होऊन बसला.

जाण्याचे मोल आणि न जाण्याची कारणे

स्थलांतराने कुटुंबाचे भले होते काय? या प्रश्नाला प्रयोगाच्या मार्गाने उत्तर देण्याचा प्रसिद्ध यत्न बांगलादेशातील रंगपूर भागात झाला. तेथे धान कापणीपूर्वीच्या उपासमारीच्या काळाला मोंगा म्हणतात. ब्रायन, चौधरी आणि मुबारक या संशोधकांनी गरीब कुटुंबांना सुमारे साडेआठ डॉलर, म्हणजे जाण्यायेण्याच्या भाड्याएवढी रक्कम, देऊ केली. जाणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २२ टक्के-बिंदूंनी वाढले, मागे राहिलेल्यांचे खाणेपिणे सुधारले, आणि पुढल्या वर्षी पैसे न देताही त्यांतील अनेकजण पुन्हा गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने मोठी आशा उत्पन्न केली. परंतु तोच कार्यक्रम विस्तृत प्रमाणावर राबविला असता २०१७ च्या फेरीत अपेक्षित फळ दिसले नाही, आणि २०१९ मध्ये चालकांनी तो प्रामाणिकपणे बंद केला. लहान वाफ्यात उगवलेले रोप बांधीत तसेच तग धरील अशी खात्री देता येत नाही, हे रोवणी करणाऱ्या कोणाही बाईला ठाऊक असते.

भारतात माणसे इतक्या कमी प्रमाणात कायमची गाव का सोडतात, याचे एक उत्तर कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २०१६ मध्ये दिले : अडीअडचणीला धावून येणारे जातीचे जाळे गावात असते, आणि जो कायमचा निघून गेला त्याचा त्या जाळ्यावरील हक्क सैल होतो. याच दोघांनी त्याआधी दादर परिसरातील मराठी घरांचा अभ्यास करून दाखविले होते की श्रमिक जातींतील मुलगे बापाच्या ओळखीने मिळणाऱ्या जुन्या कामाकडे आणि मराठी माध्यमाकडे वळत राहिले, आणि ज्यांना असे ओळखीचे जाळे कधी मिळालेच नव्हते त्या मुली इंग्रजी माध्यमातून नव्या नोकऱ्यांकडे झपाट्याने सरकल्या. जाळे सावरते आणि अडकवतेही, असा याचा अर्थ. विवाहासंबंधीचा रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांचा १९८९ चा निष्कर्षही याच जातीचा आहे : १९७५ पासून इक्रिसॅट या संस्थेने अभ्यासासाठी निवडलेल्या खेड्यांच्या, ज्यांत आपल्या अकोला जिल्ह्यातील कानझरा हेही एक होते, नोंदींवरून त्यांनी असे सुचविले की दूरच्या गावी दिलेल्या लेकी म्हणजे कुटुंबाने दुष्काळाविरुद्ध केलेली तजवीज असते. तेथे पाऊस पडला तर येथला उन्हाळा सुसह्य होतो.

बाहेरून येणाऱ्यांमुळे मूळ रहिवाशांची मजुरी पडते काय, हा वाद अमेरिकेत डेव्हिड कार्ड यांच्या १९९० च्या लेखाने पेटला. १९८० मध्ये क्यूबाहून आलेल्या निर्वासितांमुळे मायामी शहराचे श्रमबळ एकाएकी सुमारे ७ टक्क्यांनी वाढले, तरी मजुरीवर त्याचा ठसा उमटला नाही, असे कार्ड यांनी दाखविले. जॉर्ज बोर्हास यांनी त्याच आकड्यांची फेरमांडणी करून उलट निष्कर्ष काढला, आणि वाद आजही मिटलेला नाही. मार्कंड्याच्या पंचक्रोशीला हा प्रश्न परका नाही. पूर्व पाकिस्तानातून उखडल्या गेलेल्या बंगाली कुटुंबांना याच चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत वसविण्यात आले. मासेमारी, भाजीपाला आणि धानशेती यांत त्यांनी आपले स्थान निर्माण केले, आणि आज चामोर्शीच्या बाजारात मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगाली अशा चार भाषांत भाव होतो. जो मुलूख आपली माणसे बाहेर पाठवितो तोच बाहेरची माणसे सामावूनही घेतो, हे रॅव्हनस्टाइन यांच्या उलट्या प्रवाहाचे येथील रूप आहे.

मजुरीचा तळ

आता त्या बाईच्या विधानाकडे वळू. गावातच काम मिळाले तर काय होते, याविषयीचे संशोधन महाराष्ट्राला आपले म्हणता येईल असे आहे. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या प्रेरणेने केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उगवली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिला कायद्याचे स्वरूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ च्या आपल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात मागेल त्याला काम देण्याच्या मार्गाचा पुरस्कार केला होताच. शहरातील पगारदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातील मजुराला काम, ही त्यामागील आर्थिक रचना आजही विचार करण्यासारखी आहे.

या योजनेच्या मजुरीबाबत एक महत्त्वाचे संशोधन अर्थशास्त्रज्ञाने केलेले नाही, ते पुढे गडचिरोली ही आपली कर्मभूमी करणाऱ्या एका डॉक्टराने केले. पागे समितीने शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये ठरविताना मजुराला लागणाऱ्या अन्नाचा हिशेब चुकीचा धरला, खरा हिशेब १२ रुपये येतो, असे डॉ. अभय बंग यांनी दाखवून दिले, आणि शासनाला मजुरी वाढवावी लागली. कष्ट करणाऱ्या शरीराला किती भाकरी लागते, या प्रश्नापासून सुरू झालेले हे गणित श्रमाच्या अर्थशास्त्रातील एक आदर्श म्हणून शिकविले जावे, अशा योग्यतेचे आहे.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी सुरू झालेल्या तिच्या पहिल्या टप्प्यात चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे होते. या कायद्यावरील विपुल अभ्यासांतून दोन येथे महत्त्वाचे. क्लेमां आंबेर आणि जॉन पॅप यांनी गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील भिल्ल गावांत पाहिले की बाहेर अधिक रोजी मिळत असतानाही गावात सरकारी काम निघाले की पुष्कळ माणसे कमी पैशांत गावीच राहणे पत्करतात. उघड्यावरील मुक्काम, मुलांची आबाळ, आजार यांची जी किंमत त्यांच्या मनात असते, ती कोणत्याही मजुरीच्या तक्त्यात लिहिलेली नसते. दुसरा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांचा, अविभाजित आंध्र प्रदेशातील. तेथे योजनेच्या मजुरीचे वाटप सुधारल्यावर गरीब कुटुंबांची मिळकत वाढली. पण त्या वाढीचा फार मोठा भाग योजनेच्या कामातून आला नाही, तो खुल्या बाजारातील मजुरी वाढल्यामुळे आला, आणि तरीही खाजगी काम आटले नाही.

हा निष्कर्ष वरवर चमत्कारिक वाटतो, परंतु जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच त्याची किल्ली दिलेली आहे. विकत घेणारे थोडे आणि विकणारे पुष्कळ असतील, तर घेणारा भाव पाडून घेतो. अशा बाजारात विकणाऱ्याला दुसरा आसरा मिळाला की भाव चढतो आणि व्यवहारही घटत नाही. श्रमाचा बाजार पुष्कळ ठिकाणी असाच एकतर्फी असतो. रस्त्याकडेची बाई जे एका वाक्यात म्हणाली, ते सिद्ध करावयास या विद्वानांना लक्षावधी माणसांच्या नोंदी तपासाव्या लागल्या, आणि त्यांनी ते सिद्ध केले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे.

आपल्या दोन जिल्ह्यांत मजुरीला असा तळ पुरविण्याचे दुसरे साधन म्हणजे जंगल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळाला, आणि जो बांबू एके काळी कागदगिरणीच्या इजाऱ्यात होता तो विकण्याचा वाहतूक परवाना २७ एप्रिल २०११ रोजी ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल या कार्यकर्त्यांच्या दीर्घ उद्योगामागे गावाचे स्वतःचे अभ्यासगट होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाने २०१२ मध्ये हक्क मिळविल्यावर बांबूच्या विक्रीतून गावातच काम उभे केले, आणि झाडांच्या फांद्या छाटल्या जातात व वणवे लागतात म्हणून तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरविले. हाती दुसरा आसरा असल्याखेरीज कोणते गाव रोख पैसा असा नाकारू शकेल?

तेंदूपत्त्याचे काम जवळून पाहिले म्हणजे हा आसरा कशाचा हे उमगते. पहाटे तोडलेली पाने दुपारी घरात पसरून सारे घर त्यांभोवती बसते; आजी पाने निवडते, सून सत्तर पाने मोजून पुडा जुळविते, पोरगे सालीची दोरी पुरविते, आणि संध्याकाळी फळीवर पुडे रांगेने मांडले की दिवाणजी एकेक ओळ मोजून वहीत लिहितो. असे एक हजार पुडे झाले म्हणजे महाराष्ट्रात एक प्रमाण गोणी होते, म्हणजे सत्तर हजार पाने एका एका बोटाखालून गेलेली असतात. पूर्वी या मोजणीवर ठेकेदाराचा शब्द अखेरचा असे. १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम यांनंतर जेथे ग्रामसभा स्वतः लिलाव करते, तेथे दर कोणत्या वर्षी चढतो तर कोणत्या वर्षी कोसळतो, ही बाजाराची जोखीम आहेच. पण वही गावाची असते.

उद्याचे काम

यंत्र माणसाचे काम हिरावून घेईल ही भीती जुनी आहे. केन्स यांनी १९३० मध्ये तंत्रज्ञानजन्य बेकारीचा इशारा देतानाच असे भाकीत केले होते की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल. २०१३ मध्ये फ्रे आणि ऑस्बर्न यांनी ७०२ व्यवसाय तपासून अमेरिकेतील ४७ टक्के नोकऱ्या धोक्यात असल्याचे म्हटले. तीनच वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी व्यवसायाऐवजी त्यातील एकेक कृती तपासली, तेव्हा प्रगत देशांसाठी तो आकडा ९ टक्क्यांवर आला. असेमोग्लू आणि रेस्त्रेपो यांनी यंत्रमानवांचा अमेरिकेतील मजुरीवर प्रत्यक्ष विपरीत परिणाम झाल्याचे दाखविले. डेव्हिड ऑटर यांनी मांडलेली मीमांसा आपल्याला अधिक जवळची आहे : जे काम नियमांत लिहून देता येते ते यंत्राला प्रथम जमते, आणि जे हाताला कळते पण शब्दांत सांगता येत नाही ते उशिरा.

या कसोटीने पाहिले तर पिकलेली मिरची देठासह, झाड न दुखविता खुडणारा हात, किंवा कोवळे आणि जून पान स्पर्शाने ओळखणारा हात आणखी काही काळ लागणार आहे. उलट धानाची कापणी आणि मळणी यंत्राकडे चालली आहे. पंजाब-हरियाणाकडून येणारी कापणीयंत्रे झाडीपट्टीच्या बांध्यांत उतरू लागल्यापासून, ज्या आठवड्यांत बायामाणसांना गावातच चांगली रोजी मिळे, ते आठवडे आखडत आहेत. म्हणजे यंत्र येथे आधी गावातला आसरा खाते, आणि परमुलखातील मजुरी तशीच ठेवते. भवितव्याविषयीच्या पाश्चात्त्य वाङ्मयात या क्रमाचा विचार सहसा आढळत नाही.

मग कारखाने? वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून बल्लारपूरची कागदगिरणी, सिमेंटचे कारखाने, दुर्गापूरचे औष्णिक वीजकेंद्र अशी चंद्रपूरची औद्योगिक वाटचाल आहे. आणि आता सुरजागडच्या लोहखनिजावर आधारलेला पोलादाचा उद्योग मार्कंड्याच्याच तालुक्यात, कोनसरीला, उभा राहिला आहे. चंद्रपूरच्या दीडशे वर्षांचा धडा असा की भांडवल-प्रधान उद्योग भूमी आणि पाणी पुष्कळ घेतो व हात थोडे घेतो, आणि तेही शिकलेले. म्हणून स्थानिकांच्या प्रशिक्षणाचे प्रश्न कागदोपत्री आश्वासनांवर न सोडता त्यांची वर्षानुवर्षे मोजदाद झाली पाहिजे.

शिकलेल्या तरुणांचे मन मात्र सरकारी नोकरीवर जडलेले आहे. गडचिरोलीच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली आणि रात्री अभ्यासिकांतून जळणारे दिवे ज्याने पाहिले, त्याला कुणाल मंगल यांचा तामिळनाडूविषयीचा निष्कर्ष अस्वस्थ करील : २००१ नंतर तेथे काही वर्षे भरती गोठविली गेली, तेव्हा तरुणांनी अन्य काम धरण्याऐवजी परीक्षेच्या तयारीतच आणखी वर्षे घातली, आणि त्याची झळ त्यांच्या पुढील आयुष्याला लागली. त्यातच कारकुनी आणि लेखनाची कामे करू शकणारी संगणकीय बुद्धी आता अवतरली आहे. यापूर्वीची यंत्रे अंगमेहनतीवर चालून गेली, ही टेबलावरच्या कामावर चालून येत आहे. मिरची खुडणाऱ्या आईने ज्या कामासाठी मुलाला शिकविले, तेच काम आईच्या कामाआधी धोक्यात यावे, ही या पिढीची खरी चिंता आहे.

तरी याच भूमीत कामाचे एक असेही रूप आहे ज्याचा विचार अर्थशास्त्राने केलेला नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाभोवती चालणारी झाडीपट्टीची रंगभूमी नट, गायक, वादक, मंडपवाले आणि चहावाले अशा असंख्यांना, नेमक्या त्या रिकाम्या महिन्यांत, आपल्याच मुलखात रोजी देते. तिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीने तिचा गौरव झाला, पण तिच्या रोजगाराचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे.

निष्पत्ती

या साऱ्या वाङ्मयातून एक सूत्र निघते. स्थलांतर वाईट नाही. रंगपूरच्या कुटुंबांचे त्याने भले झाले, आणि मिरचीच्या पोत्याने चामोर्शीच्या कित्येक घरांचा पावसाळा निभावला. त्याला रोखणे हे धोरणाचे उद्दिष्ट असू नये. धोरणाने पाहावे ते इतकेच की निघणाऱ्या माणसापाशी न निघण्याचा पर्याय होता काय. कारण ज्याला घरी राहता येते त्यालाच टोळीच्या मुकादमाशी दराची बोली करता येते, आणि हे बळ जाणाऱ्याइतकेच मागे राहणाऱ्याच्याही मजुरीत उतरते. यास्तव हमीचे काम जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत उघडावे आणि मजुरी वेळेवर मिळावी. जंगलाच्या उत्पन्नावरील ग्रामसभेचा हक्क अबाधित असावा. आणि परमुलखातील मजुराचा कायदा त्याच्यापर्यंत पोहोचावा. १९७९ चा आंतरराज्य कामगारांचा कायदा पाच किंवा अधिक मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला लागू होता, २०२० च्या संहितेने ती मर्यादा दहावर नेली. पण शेतमालकाकडे थेट जाणाऱ्या टोळीत ठेकेदारच नसतो, तेव्हा तो जुना कायदा तिच्या डोक्यावरूनच जात असे.

आणि संशोधनापुरते म्हणावयाचे तर, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दफ्तरात आवक-जावक वही असते. कोणता कागद कोणत्या तारखेला आला आणि कोठे गेला हे तीत लिहिलेले असते. माणसांसाठी अशी वही ग्रामसभेने स्वतः ठेवावी : कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोणत्या बोलीवर गेले, आणि परतताना हाती काय आले. मेंढ्याच्या अभ्यासगटांनी जंगल मोजून दाखविले, तसे हे मोजणेही गावाच्या आवाक्यातले आहे. त्या सकाळी टेम्पो आला, गंज, पिशवी, ताडपत्री आणि निजलेले मूल वर चढले, आणि ती बाई आदल्या वर्षीचा पैसा-पैशाचा हिशेब डोक्यात घेऊनच निघून गेली. तो हिशेब कोठे तरी लिहिला जावा, एवढेच मागणे आहे.